मठाच्या भिंतीबाहेर : कॅथलिक महिला महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्या सेवामंडळांचा इतिहास

प्रस्तावना

कॅथलिक धर्मभगिनींनी चालवलेल्या महिला महाविद्यालयांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक प्रथा जवळजवळ सर्वत्र आढळते. आठवड्यातला ठरलेला दिवस आला की विद्यार्थिनींचे लहान लहान गट शेजारच्या गरीब वस्तीत, सरकारी इस्पितळात किंवा अनाथाश्रमात जात. आजाऱ्यापाशी बसणे, त्याचे पत्र लिहून देणे, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणे, बाळंतिणीसाठी कपडे शिवून नेणे, घरात काय कमी आहे याची विचारपूस करणे अशी ही कामे असत. ज्या मंडळांमार्फत ती चालत, त्यांना कुठे सोडॅलिटी, कुठे मरियेच्या कन्या, तर कुठे समाजसेवा संघ म्हणत. नावे निरनिराळी असली तरी घडण एकच होती. सभासदत्व ऐच्छिक, कामाला मोबदला नाही, भेट नियमित, आणि केलेल्या कामाचा अहवाल मंडळाच्या बैठकीत.

या मंडळांचा इतिहास समजून घ्यायचा तर एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. ही महाविद्यालये ज्या भगिनी चालवत, त्यांतल्या अनेकींना मठाबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. मठाच्या आवारातच राहण्याचे बंधन त्यांच्या व्रतजीवनाचा भाग होते. गरिबांची सेवा हे त्यांच्या धर्मसंघाचे ध्येय असले तरी गरिबाच्या घराचा उंबरठा ओलांडणे त्यांना शक्य नसे. ते काम विद्यार्थिनी करत. भगिनी शिकवत, मुली बाहेर जात आणि तिथे पाहिलेले घेऊन परत येत. भिंतीबाहेरचा हा अनुभव वर्गात आणि प्रार्थनागृहात पोहोचला आणि हळूहळू त्याने संस्थांनाच बदलायला लावले. दानधर्मापाशी सुरू झालेली ही मंडळे सामाजिक न्यायाच्या प्रश्नापर्यंत का पोहोचली, याचे उत्तर या ये-जा करण्यात आहे.

मुळे : मठबंधन आणि त्यातून काढलेल्या वाटा

स्त्रियांच्या सर्व मठांनी बंदिस्त राहावे, असा कडक दंडक सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आणि त्यापाठोपाठ १५६६ मध्ये पोप पायस पाचवे यांनी घातला. त्यानंतर स्त्रियांनी गरिबांमध्ये जाऊन काम करण्याचे जे प्रयत्न केले, ते या दंडकावर येऊन आदळले. फ्रान्सिस द सेल्स आणि जान द शांताल यांनी १६१० मध्ये आनसी येथे स्थापलेला व्हिजिटेशन हा संघ आजाऱ्यांच्या घरभेटींसाठी होता. आठ वर्षांच्या आत त्याला बंदिस्त मठाचे रूप घ्यावे लागले. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी मठबंधन नसलेला, मुलींना शिक्षण देणारा स्त्रियांचा संघ उभारला. पोप अर्बन आठवे यांनी तो १६३१ मध्ये बरखास्त केला आणि खुद्द मेरी वॉर्ड यांना म्युनिक येथे कैदेत ठेवण्यात आले. त्यांच्या संघाची परंपरा तरीही तगून राहिली. तिची आयर्लंडमधली शाखा पुढे लोरेटो भगिनी म्हणून ओळखली गेली आणि कोलकात्यात पोहोचली.

या कोंडीतून वाट काढली ती व्हिन्सेंट दी पॉल यांनी. १६१७ च्या ऑगस्टमध्ये ते फ्रान्समधील शातियों या गावी धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसे आजारी पडली आहेत, हे त्यांनी रविवारच्या उपासनेत सांगितले. दुपारी गावातल्या बायाबापड्या अन्न घेऊन त्या घराकडे निघाल्या. अन्न इतके जमले की त्यातले बरेचसे नासणार आणि दोन दिवसांनी घर पुन्हा उपाशी राहणार, हे उघड होते. उणीव दयेची नव्हती, व्यवस्थेची होती. म्हणून त्यांनी गावातल्या स्त्रियांचे मंडळ बांधले आणि पाळ्या लावून दिल्या. त्या मंडळाची नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. आजाऱ्यासमोर कापड कसे अंथरावे, जेवणाआधी त्याचे हात कसे धुवावेत, त्याच्याशी कोणत्या भावाने बोलावे, एकट्या पडलेल्या आजाऱ्याकडे शेवटी का जावे, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ थांबता येते, इतके बारकावे तिच्यात आहेत. १६३३ मध्ये त्यांनी लुईज द मारियाक यांच्यासह ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ सुरू केला. या संघातल्या स्त्रियांना औपचारिक अर्थाने मठवासिनी न म्हणता, दरवर्षी नव्याने घ्यायच्या व्रतांनी बांधले, त्यामुळे त्यांना रस्त्यांतून आणि घराघरांतून काम करता आले.

विद्यार्थ्यांनी अशा कामात उतरण्याचा प्रसिद्ध आरंभ पॅरिसचा आहे. २३ एप्रिल १८३३ रोजी फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे काही सहाध्यायी यांनी एक छोटा गट बनवला. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची ही सुरुवात. विद्यार्थ्यांच्या वादसभेत त्यांना एक टोचणारा प्रश्न विचारला गेला होता. तुमच्या चर्चने पूर्वी काय केले ते राहू द्या, आज ते गरिबांसाठी काय करते आहे, असा तो प्रश्न होता. उत्तर देण्यासाठी ही मुले मूफ्तार या दरिद्री भागात गेली. तिथे अनेक वर्षे काम करणाऱ्या डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या सिस्टर रोझली रँदू यांनी त्यांना कोणत्या घरी जावे, कसे बोलावे, पाव आणि सरपण यांच्या चिठ्ठ्या कशा द्याव्यात, हे शिकवले. सोसायटीचे सभासद पुरुष होते, पण त्यांची गुरू एक स्त्री होती. घरभेट हा विद्यार्थिसेवेचा पाया या गटाने घातला आणि पुढे महिला महाविद्यालयांनी तो उचलला.

सोडॅलिटी : मंडळाची चौकट

विद्यार्थिनींच्या सेवामंडळांना बांधणी मिळाली ती सोडॅलिटीकडून. १५६३ मध्ये रोममधील जेझुइट महाविद्यालयात जाँ लनिस या तरुण शिक्षकाने मुलांचे एक मंडळ सुरू केले. पवित्र मरियेला वाहिलेल्या या मंडळात नियमित प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि सेवाकार्य या तीन गोष्टींची सांगड होती. १५८४ मध्ये त्याला पोपची अधिकृत मान्यता मिळाली आणि युरोपभरच्या जेझुइट शाळांत तशी मंडळे निघाली. पहिली जवळजवळ दोन शतके त्यांत स्त्रियांना जागा नव्हती. १७५१ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी स्त्रियांच्या मंडळांना जोडून घेण्याची परवानगी दिली. १८४७ मध्ये पोप पायस नववे यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या शाळांतील मुलींसाठी ‘मरियेच्या कन्या’ या मंडळाला मान्यता दिली. सेक्रेड हार्ट संघाच्या शाळांतही याच नावाची स्वतंत्र परंपरा वाढली.

या चौकटीमुळे सेवाकार्याला दोन गोष्टी लाभल्या. पहिली सातत्याची. विद्यार्थिनी दरवर्षी बदलत, पण मंडळ, त्याचे पदाधिकारी, त्याची नोंदवही आणि ठरलेला वार कायम राहत. दुसरी चिंतनाची. भेटीहून परतल्यावर प्रत्येकीने काय पाहिले ते सांगायचे आणि त्यावर विचार करायचा, ही शिस्त होती. एका दुपारची हळहळ तिथेच विरून न जाता विचाराला चालना देई, याचे श्रेय या शिस्तीला जाते.

अमेरिका : महाविद्यालये आणि वस्तीकेंद्रे

मुलींच्या शाळांतले हे काम महाविद्यालयीन पातळीवर गेले ते प्रामुख्याने अमेरिकेत. १८८९ मध्ये वॉशिंग्टन येथे कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका सुरू झाली, पण पदवीसाठी येऊ पाहणाऱ्या मुलींना तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा धर्मभगिनींनीच महाविद्यालये काढली. बाल्टिमोरच्या नोत्र दाम संस्थेने १८९५ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. १८९९ मध्ये न्यू जर्सीत सेंट एलिझाबेथ आणि १९०० मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रिनिटी महाविद्यालयाचे वर्ग भरू लागले.

याच काळात अमेरिकेच्या शहरांत युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची दाटी झाली होती. इटालियन, पोलिश आणि आयरिश कुटुंबे भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहत. त्यांच्यासाठी सुशिक्षित तरुण-तरुणींनी त्याच वस्तीत राहून काम करण्याची चळवळ इंग्लंडमधून आली. लंडनचे टॉयन्बी हॉल १८८४ मध्ये आणि जेन अ‍ॅडम्स यांचे शिकागोतील हल हाउस १८८९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनींच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवर कॉलेज सेटलमेंट उघडले. या केंद्रांमागे बहुतांशी प्रॉटेस्टंट प्रेरणा होती, आणि ज्यांच्यासाठी ती काम करत त्यांत कॅथलिक कुटुंबे मोठ्या संख्येने होती. आपली माणसे आपल्या धर्मापासून दुरावतील, ही काळजी कॅथलिक समाजाला वाटू लागली. तेव्हा आरंभीच्या कॅथलिक सेवाकार्यात करुणेबरोबर ही संरक्षणाची भावनाही होती, हे इतिहासाने मान्य केले पाहिजे.

कॅथलिक स्त्रियांनी स्वतःहून उभारलेल्या कामात मेरी व्हर्जिनिया मेरिक यांचे नाव अग्रभागी आहे. तरुणपणीच्या अपघातामुळे चालता न येणाऱ्या या स्त्रीने १८८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गरीब बाळासाठी कपडे शिवण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून क्राइस्ट चाइल्ड सोसायटी उभी राहिली. नवजात बाळाचे झबले, टोपरे, दुपटे असा पूर्ण संच शिवून देणे हे या संस्थेचे ओळखीचे काम ठरले. शिवणकाम हे त्या काळच्या प्रत्येक मुलीच्या हातचे कसब होते. घराबाहेर जायची परवानगी नसलेल्या मुलीलाही त्यात सहभागी होता येई. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांतल्या मंडळांत शिवणवर्ग सर्वत्र दिसतात.

विचारांची बैठक पुरवली ती दोन पोपपत्रांनी. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने कामगाराला पोटापुरते वेतन मिळणे हा त्याचा हक्क मानला. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ मधून तोच विचार महामंदीच्या काळात पुढे नेला. महाविद्यालयांच्या समाजशास्त्राच्या वर्गांत ही पत्रे अभ्यासली जाऊ लागली. दर आठवड्याला वस्तीत जाणाऱ्या मुलीच्या हाती आता प्रश्न विचारायची भाषा आली. या घरात अन्न का नाही, हा प्रश्न तिला वेतनाच्या प्रश्नाशी जोडता येऊ लागला.

मॅनहॅटनव्हिल : मंडळातून ठरावाकडे

हे संक्रमण सर्वांत स्पष्ट दिसते ते न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनव्हिल महाविद्यालयात. ते चालवणारा सेक्रेड हार्ट संघ मादलेन सोफी बारा यांनी १८०० मध्ये पॅरिसमध्ये स्थापला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या पडझडीत मुलींच्या शिक्षणातून समाज उभारावा, हा त्यांचा हेतू होता. सुखवस्तू मुलींच्या वसतिशाळेला जोडून गरीब मुलींसाठी मोफत शाळा असावी, ही या संघाची रीत होती. फिलिपीन द्युशेन यांनी १८१८ मध्ये तो अमेरिकेत आणला. न्यूयॉर्कमधील शाळा १८४१ मध्ये निघाली, १८४७ मध्ये मॅनहॅटनच्या उत्तरेकडील टेकडीवर गेली आणि १९१७ मध्ये तिला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. संघातल्या भगिनी मठबंधन पाळत, विद्यार्थिनी बहुधा सधन घरांतल्या असत. टेकडीच्या पायथ्याशी मात्र हार्लेम होते. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ते भरले होते आणि महामंदीने त्यांचे कंबरडे मोडले होते.

१९३० पासून या महाविद्यालयाच्या अध्यक्ष असलेल्या मदर ग्रेस डॅमन यांनी विद्यार्थिनींच्या सामाजिक कामाला अभ्यासाची जोड दिली. फादर जॉन लाफार्ज आणि वकील जॉर्ज हंटन यांच्याशी विद्यार्थिनींचा संपर्क आला. वर्णभेद हे पाप आहे आणि त्यावर कॅथलिक समाजाने बोलले पाहिजे, अशी या दोघांची मांडणी होती. १९३३ मध्ये विद्यार्थिनींनी आठ ठराव तयार करून स्वीकारले. ‘मॅनहॅटनव्हिल ठराव’ म्हणून ते ओळखले जातात. कृष्णवर्णीय माणसाला माणूस आणि नागरिक म्हणून सर्व हक्क आहेत, हे त्यांत मान्य केले होते. त्याला हिणवणारी टोपणनावे वापरायची नाहीत, त्याच्याशी सौजन्याने वागायचे, योग्य वेळी त्याच्या बाजूने बोलायचे, त्याची स्थिती सुधारण्यासाठी प्रत्यक्ष काम करायचे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची, असा तो निर्धार होता. आजच्या वाचकाला यातल्या काही गोष्टी अगदी साध्या वाटतील. परंतु त्या वेळी अमेरिकेतील अनेक कॅथलिक शाळा-महाविद्यालयांची दारे कृष्णवर्णीय मुलींना बंद होती, हे लक्षात घेतले म्हणजे विशीतल्या मुलींनी टाकलेले पाऊल किती मोठे होते ते कळते. इतर महाविद्यालयांतही या ठरावांची चर्चा झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक इंटररेशियल कौन्सिल स्थापन झाले.

ठरावाची कसोटी पाच वर्षांनी लागली. १९३८ मध्ये महाविद्यालयाने एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश दिला आणि माजी विद्यार्थिनींच्या एका गटाने त्याला विरोध केला. ३१ मे १९३८ रोजी मदर डॅमन यांनी माजी विद्यार्थिनींपुढे भाषण करून उत्तर दिले. तत्त्वे विरुद्ध पूर्वग्रह, हा त्या भाषणाचा विषय होता. कॅथलिक शिक्षणाने जे शिकवले तेच संस्थेने आचरणात आणले आहे, आणि लोकांच्या नाराजीसाठी ते सोडता येणार नाही, ही त्यांची भूमिका ठाम होती. भाषण छापले गेले आणि दूरवर वाचले गेले. संस्थेने निर्णय बदलला नाही.

त्याच वर्षी हार्लेममध्ये कॅथरीन द ह्यूक यांनी फ्रेंडशिप हाउस सुरू केले. रशियन क्रांतीतून जीव वाचवून आलेल्या या बाईंनी आधी टोरांटोत असेच केंद्र चालवले होते. हार्लेमच्या केंद्रात कपडेवाटप, ग्रंथालय, मुलांचे खेळ-वर्ग आणि व्याख्याने चालत. काम करणारे दारिद्र्य पत्करून तिथेच राहत. महाविद्यालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या या केंद्रात मॅनहॅटनव्हिलच्या विद्यार्थिनीही स्वयंसेवक म्हणून येत. इथे देणारा गोरा आणि घेणारा काळा ही जुनी रचना मोडण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न होता. कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते एका टेबलाशी जेवत, आणि त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये तेवढेही अनेकांना खुपत असे.

कोलकाता : एंटालीच्या मुली

याच सुमारास कोलकात्यात विद्यार्थिनींच्या सोडॅलिटीने एक निराळीच दिशा घेतली. लोरेटो भगिनी १८४१ मध्ये आयर्लंडहून या शहरात आल्या. एंटाली भागातील त्यांच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची मुलींची शाळा होती. ती महाविद्यालय नव्हती, पण इथली सोडॅलिटी सेवामंडळांच्या इतिहासातून वगळता येत नाही. मदर तेरेसा इथे भूगोल आणि इतिहास शिकवत आणि १९४४ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. बेल्जियन जेझुइट फादर ज्युलियन आँरी यांच्या मार्गदर्शनाखाली सोडॅलिटीच्या मुली दर आठवड्याला बाहेर पडत. काही सरकारी इस्पितळात रुग्णांना भेटत, काही आवाराच्या भिंतीपलीकडच्या मोतीझील झोपडपट्टीत जात. मेरी वॉर्ड यांना मठबंधन नको होते. त्यांच्याच परंपरेतल्या लोरेटो भगिनी मात्र या काळात ते पाळत. त्यामुळे मुलींना धाडणाऱ्या शिक्षिकेला त्यांच्याबरोबर सहसा जाता येत नसे. मुली येऊन सांगत तेवढीच झोपडपट्टी तिच्यापर्यंत पोहोचे.

१९४३ चा दुष्काळ आणि ऑगस्ट १९४६ ची दंगल यांनी कोलकाता होरपळले. सप्टेंबर १९४६ मध्ये दार्जिलिंगला जाताना मदर तेरेसांना मठाबाहेर पडून गरिबांतल्या गरिबांमध्ये राहण्याची हाक जाणवली. रीतसर परवानगी मिळाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटो सोडले, पाटण्यात शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतले आणि डिसेंबरमध्ये मोतीझीलमध्ये मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९ मार्च १९४९ रोजी त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास त्यांच्याकडे आली. तिने पुढे सिस्टर अ‍ॅग्नेस हे नाव घेतले. पाठोपाठ सेंट मेरीजच्या आणखी मुली आल्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली तेव्हा तिच्या पहिल्या भगिनींत या मुलींचा भरणा होता. ज्या वस्त्यांमध्ये संघाने कामाला सुरुवात केली, त्या त्यांना नव्या नव्हत्या. शनिवारच्या भेटींनी त्यांना वाटा, घरे आणि माणसे आधीच ओळखीची करून दिली होती.

मुंबई आणि भारतातील महाविद्यालये

भारतात कॅथलिक महिला महाविद्यालयांची साखळी विसाव्या शतकात तयार झाली. मंगळूरचे सेंट अ‍ॅग्नेस १९२१ मध्ये, एर्नाकुलमचे सेंट तेरेसाज १९२५ मध्ये, मद्रासचे स्टेला मॅरिस १९४७ मध्ये आणि बंगळूरचे माउंट कार्मेल १९४८ मध्ये सुरू झाले. मुंबईत सेक्रेड हार्ट संघाने १९४० मध्ये सोफिया महाविद्यालय काढले. मॅनहॅटनव्हिल आणि सोफिया या एकाच संघाच्या संस्था, पण दोघींची परिस्थिती वेगळी होती. अमेरिकेत विद्यार्थिनी बहुतेक सगळ्या कॅथलिक होत्या. सोफियात हिंदू, पारशी, मुस्लिम आणि ख्रिस्ती मुली एका वर्गात बसत. इथे सेवेची प्रेरणा एकाच धर्माच्या चौकटीत मांडणे शक्य नव्हते. समान नागरिकत्व, राष्ट्रउभारणी आणि माणुसकी ही भाषा पुढे आली. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाने आणि मुंबईत १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने शहरी समाजसेवेची जी वाट तयार केली होती, ती या महाविद्यालयांच्या शेजारीच होती.

समाजकार्य हे शास्त्र आणि व्यवसाय म्हणूनही याच शहरात रुजले. १९३६ मध्ये आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था सुरू झाली आणि १९५५ मध्ये डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाने निर्मला निकेतन हे समाजकार्याचे महाविद्यालय काढले. घरभेटीला आता शास्त्रीय पद्धत मिळाली. कुटुंबाची माहिती नोंदवणे, गरज ओळखणे, योग्य संस्थेकडे पाठवणे आणि पाठपुरावा करणे हे तिचे टप्पे. स्वयंसेवक विद्यार्थिनीचे स्थान यामुळे बदलले. ती प्रशिक्षित कार्यकर्तीची मदतनीस झाली आणि भाबड्या उत्साहाने होणाऱ्या चुकांना आळा बसला.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, भारत सरकारने ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. वर्षाला १२० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची रचना महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या परिचयाची आहे. कॅथलिक महिला महाविद्यालयांतील सेवाकार्याचा मोठा भाग या सरकारी चौकटीत आला. निधी, प्रमाणपत्र आणि संख्या वाढली. प्रार्थना आणि चिंतनाशी असलेला जुना धागा मात्र या चौकटीत नव्हता. तो टिकवायचा तर संस्थेला वेगळे प्रयत्न करावे लागले.

मठाचे दार उघडल्यावर

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे आणि काळाच्या गरजेकडे नव्याने पाहायला सांगितले. सेक्रेड हार्ट संघाने १९६४ मध्ये मठबंधन काढून टाकले. जिथे आतापर्यंत विद्यार्थिनी जात, तिथे आता भगिनी स्वतः जाऊ शकत होत्या. अनेकींनी प्रशस्त कॉन्व्हेंट सोडून वस्तीत बिऱ्हाड केले. सोफियाच्या प्राचार्य सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा यांची वाटचाल या बदलाचे उत्तम उदाहरण आहे. सोफिया पॉलिटेक्निकच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी झारखंडमधील तोरपा येथे आदिवासींमध्ये काम केले आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अमेरिकेतील चित्र वेगळे झाले. मॅनहॅटनव्हिल १९५२ मध्ये हार्लेमलगतची टेकडी सोडून शहराबाहेर पर्चेस येथे गेले, १९६६ मध्ये त्याने नावातला सेक्रेड हार्टचा उल्लेख काढला आणि १९७१ मध्ये मुलांना प्रवेश दिला. इतर अनेक महिला महाविद्यालयांनीही हाच मार्ग धरला किंवा ती बंद पडली. १९६७ मध्ये सोडॅलिटीचे जगभर ‘ख्रिस्ती जीवन समुदाय’ असे नव्याने संघटन झाले. १९६१ च्या पीस कोअरने आणि चर्चच्या स्वतःच्या स्वयंसेवक संस्थांनी पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे पूर्णवेळ सेवेची संधी दिली. आठवड्याच्या एका दुपारची जागा दीर्घ मुक्कामाने घेतली.

इतिहासाची साधने आणि मर्यादा

या मंडळांचा इतिहास लिहिताना जी साधने हाती येतात ती बहुतेक एका बाजूची आहेत. मठांच्या रोजनिश्या, संघाच्या मुख्यालयाला पाठवलेली वार्षिक पत्रे, महाविद्यालयांची नियतकालिके, मंडळांच्या सभावृत्तांतांच्या वह्या, हे सर्व देणाऱ्यांनी लिहिलेले आहे. किती कपडे शिवले, किती घरे पाहिली, याची नोंद मिळते. ज्या घरात ती मुलगी गेली, तिथल्या बाईला काय वाटले, याची मिळत नाही. हे मौन भरून काढण्यासाठी वस्त्यांमधल्या मौखिक इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे, आणि हे काम अजून बरेच बाकी आहे.

मंडळांचे दोषही याच साधनांतून दिसतात. सधन मुलीने गरिबाला उपदेश करण्याची सवय, मदतीच्या आडून धर्माचरणाची तपासणी, परीक्षा आल्या की खंडित होणाऱ्या भेटी, दारिद्र्याच्या कारणांबाबतचे अज्ञान, या गोष्टी वारंवार आढळतात. महाविद्यालये स्वतः ज्या उच्चनीचतेवर उभी होती, तिला हात लावायला अनेक मंडळे धजली नाहीत. मॅनहॅटनव्हिलचा ठराव महत्त्वाचा ठरतो तो यासाठी की तिथल्या मुलींनी वस्तीबरोबर आपल्या संस्थेकडेही बोट दाखवले.

या इतिहासाचे मूल्यमापन वाटलेल्या वस्तूंच्या मोजदादीने करता येणार नाही. शहरांचे दारिद्र्य या मंडळांनी हटवले नाही आणि ते त्यांच्या आवाक्यातही नव्हते. त्यांनी केले ते असे की ज्या दोन जगांची एरवी गाठ पडली नसती, त्यांच्यात नियमित जाण्यायेण्याची वाट पाडली. जिथे ही भेट वरवरची राहिली, तिथे मंडळे दानधर्मापाशीच थांबली. जिथे तिला सातत्य, अभ्यास आणि आत्मपरीक्षण यांची जोड मिळाली, तिथे न्यूयॉर्कमध्ये एका महाविद्यालयाचे प्रवेशाचे धोरण बदलले, कोलकात्यात एक नवा धर्मसंघ जन्माला आला आणि मुंबईत समाजकार्याच्या शिक्षणाला स्वयंसेवक मिळाले. आजच्या महाविद्यालयीन सेवायोजनांना या इतिहासातून घेण्यासारखे हेच आहे. तासांची पूर्तता करणे सोपे असते, परंतु एकाच घरी पुन्हा पुन्हा जाणे, तिथे जे दिसले त्याचा अर्थ लावणे आणि त्या अर्थाप्रमाणे आपली संस्था व आपले जगणे बदलायला तयार होणे, हे कठीण काम ज्या मंडळांनी केले, त्यांचेच कार्य टिकून राहिले.